बुलेटला हिवाळ्यात सुटणारं पाणी आणि चाचांनी शिवलेलं कव्हर: गळीत हंगामभर वापरून

आधी निकाल देऊन टाकतो, ज्यांना घाई आहे त्यांनी एवढंच वाचून सुटावं. सांगलीत वखारभागात ताडपत्री आणि सीट कव्हर शिवणाऱ्या चाचांचं एक बिनपाटीचं दुकान आहे (पाटी वाऱ्यात पडली ती परत लावलीच नाही, विचारलं तर म्हणतात ओळखणारे ओळखतात), तिथनं बुलेटसाठी शिवून घेतलेल्या कापडी कव्हरला माझ्याकडनं पाचात चार. एक गुण कापलाय तो उशिरासाठी आणि डाव्या आरशासाठी, ते पुढं सांगतो. पण नुसतं कव्हर आणून टाकलं की गाडी कोरडी राहते असं समजून जाणार असाल तर पैसे वाया जातील, हे पण आत्ताच सांगून ठेवतो.

गाडी २००४ ची बुलेट ३५०, जुनं कास्ट आयर्न इंजिन, उजव्या पायात गिअर, हेडलाइटच्या वर तो अँपिअर मीटर, सगळं ओरिजनल. आता सांगलीत हिवाळ्यात गाडी कोण बंद ठेवतं असं विचाराल, बरोबर आहे, हाच तर फिरवायचा सीझन, दंडोबाला जावा, सागरेश्वरला जावा. पण मी साखर कारखान्यात केमिस्ट आहे आणि आमचा गळीत हंगाम नेमका दिवाळीच्या पुढंमागं सुरू होतो तो उन्हाळा लागेपर्यंत चालतो, त्या काळात मी कारखान्याच्या कॉलनीत आणि बुलेट सांगलीच्या गावभागात घरी. बरं कारखान्यावर न्यावी तर रात्री रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, त्यात शिफ्ट सुटायची वेळ रात्रीची. नको ते. त्यामुळं गाडी थंडीचे सगळे महिने शेडमध्ये झाकून उभी.

आणि शेडमध्ये उभ्या गाडीला काय होतं ते ज्यानं जानेवारीत सकाळी आठ-साडेआठला शटर वर करून बघितलंय त्यालाच कळेल. रात्रभर पाऊस नाही, नळ फुटलेला नाही, तरी इंजिनच्या बॅरलवरच्या फिन्सच्या (हवेनं इंजिन गार ठेवणाऱ्या पट्ट्या) प्रत्येक कडेला बारीक थेंबांची रांग, टाकीच्या खालच्या बाजूला हात फिरवला की तळवा ओला, इंजिनच्या उजव्या बाजूच्या पॉलिश कव्हरवर पांढरट धूर बसल्यासारखा थर, आणि स्पोकच्या निपलपाशी रिमवर केशरी ठिपका. तो ठिपका बघितला की समजायचं काम सुरू झालंय. क्रोम वरनं कितीही चकचकीत दिसू दे, त्याला बारीक छिद्रं असतात आणि पाणी तिथनं आत शिरतं, मग खालचं लोखंड गंजून क्रोमला आतनं उचलायला लागतं.

हे का होतं ते नीट कळल्याशिवाय कुठलंच कव्हर आणि कुठलंच मशीन उपयोगी पडत नाही, म्हणून जरा वेळ घेतो. सांगलीची थंडी म्हणजे काय काश्मीर नाही, पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १२ ते १५ वर येतो आणि दुपारी पुन्हा तिशीला. कास्ट आयर्नचा एवढा मोठा गोळा रात्रभर गार झाला की तो सकाळी लवकर तापत नाही, हवा तापते आधी. त्यात आपल्याकडं चारी बाजूला पाणी पाजलेला ऊस, शेजारी कृष्णा, सकाळी ऊन आलं की ते सगळं दव उठतं आणि हवा दमट होते. समजा बाहेर २२ अंश आणि आर्द्रता ७० टक्के, तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाखाली हवेतलं पाणी थेंब होऊन बसतं तो आकडा, १६ च्या थोडा वर येतो. शेडमधलं इंजिन अजून १५ वर. झालं, इंजिन दवबिंदूच्या खाली आहे म्हणजे हवेतलं पाणी त्याच्यावर बसणारच, त्यात कुणाची मर्जी चालत नाही. तेच जर हवा २० अंश आणि ६० टक्के असेल तर दवबिंदू १२ च्या आसपास, मग तेच १५ अंशांचं इंजिन ठणठणीत कोरडं. म्हणजे थंडी किती पडली यावर फार काही नाही, गार लोखंडाला दमट हवा किती आणि कधी भेटली यावर सगळं आहे. सगळ्यात वाईट दिवस कुठले, तर चार दिवस कडक थंडी पडून मग बंगालच्या उपसागरात काहीतरी होतं आणि एकदम ढगाळ, उबट, चिकट हवा येते ते. तासगाव-कवठेमहांकाळकडचे द्राक्षवाले त्या हवेला घाबरतात डावणी रोगाच्या भीतीनं, बुलेटवाल्यांनीही घाबरावं. बागायतदार पाव्हणा फवारणीची धावपळ करायला लागला की मी घरी फोन करतो की आज शेडचं शटर उघडू नका.

आमच्या शेडचं अजून एक आहे, वर पत्रा. स्वच्छ आभाळाच्या रात्री पत्रा आपली उष्णता वर फेकून हवेपेक्षाही गार होतो, मग आतल्या बाजूनं त्याला पाणी सुटतं आणि ते पहाटे टपटप खाली. ज्यांच्याकडं स्लॅबचं पार्किंग आहे त्यांना हा त्रास नाही. आणि गावभागात बऱ्याच घरांचं तिसरं दुखणं म्हणजे भिंत. २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळीच ४५ फूट, तेव्हा आमच्या शेडमध्ये किती होतं ते सांगायलाच नको. तेव्हापासून मागच्या भिंतीला लोणा लागलाय तो कितीही खरवडला तरी परत फुलतो. अशा भिंतीला गाडी टेकवून लावू नका, निदान हातभर लांब. फरशीतनं ओल येते का ते बघायला एक सोपी युक्ती आहे, प्लॅस्टिकचा कागद फरशीवर चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून दिवसभर ठेवायचा, कागदाच्या खालनं थेंब आले तर ओल जमिनीतली, वरनं आले तर हवेतली. आमच्याकडं खालनं आले. म्हणून गाडी मेन स्टँडवर आणि खाली प्लास्टिक, त्याच्यावर जुना प्लायवूड.

पण सगळ्यात मोठा चोर निघाला तो वेगळाच. शेडमध्ये दोरी बांधलेली, आई आणि वहिनी धुतलेले कपडे तिथं वाळत घालतात, कारण बाहेर अंगणात धूळ आणि कबुतरं. मी केमिस्ट माणूस, हिशोब केल्याशिवाय राहवत नाही. शेड साधारण तीन बाय पाच मीटर, उंची तीन, म्हणजे ४५ घनमीटर हवा. २५ अंशाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम पाणी मावतं, म्हणजे अख्ख्या शेडच्या हवेत गच्च भरलं तरी एक लिटर. आणि मशीनमधनं पिळून काढलेल्या एका घाण्याच्या कपड्यांत दोन-एक लिटर पाणी असतंच. ते जाणार कुठं? हा हिशोब आईला सांगितला तर म्हणाली, "तुझ्या गाडीपायी मी कपडे काय डोक्यावर वाळत घालू?" शेवटी गच्चीवर दोरी बांधून दिली, त्यावर हिरवी शेडनेट टाकली कबुतरांसाठी, तेव्हा कुठं दोरी हलली. सांगायचं काय, की कव्हर, मशीन, पुड्या काही विकत घ्यायच्या आधी शेडमध्ये कपडे, पाण्याचा पिंप, ओली मातीची कुंडी असलं काही आहे का बघा. फुकटात अर्धं काम होतं.

आता वस्तूंकडं येतो. धाकट्या भावानं आधी ऑनलाइन एक कव्हर मागवलं होतं, शंभर टक्के वॉटरप्रूफ, चांदीच्या रंगाचं, खाली इलॅस्टिक, पट्टा, क्लिप, कुलूप लावायला भोक, सगळं. बाहेर पावसात गाडी लावणाऱ्याला ते चांगलंच असेल, माझी तक्रार कव्हरबद्दल नाहीच, जागेबद्दल आहे. आत कोटिंग असलेलं कापड, हवा जायला जागा नाही, आणि खालनं मात्र पूर्ण बंद पण नाही. मग होतं काय की फरशीची ओल आणि सकाळची दमट हवा खालनं आत शिरते, आणि बाहेर पडायला वाट नाही, दुपारी शेड तापलं की आतलं पाणी उडतं, रात्री पुन्हा तिथंच बसतं. तेच पाणी रोज वरखाली. कव्हर उचललं की आतल्या बाजूला हात लावून बघा, घामेजलेल्या रेनकोटसारखं लागतं. शेडमध्ये, छपराखाली असलेल्या गाडीला वॉटरप्रूफ कव्हर घालू नये हे माझं मत पक्कं झालंय.

आईचा उपाय म्हणजे जुनी गोधडी. सांगलीत निम्म्या बुलेटा गोधडीखालीच झोपतात. धुळीला उत्तम, ओरखड्याला उत्तम, पण सुती कापड आणि कापूस पाणी पिऊन धरून ठेवतो, आणि टाकीला चिकटून बसलेली ओली गोधडी म्हणजे रंगाखाली फोड यायला आमंत्रण. चुलत्यांच्या राजदूतच्या टाकीवर गोधडीच्या टाक्यांची नक्षी उमटलेली मी स्वतः बघितलीय.

मग एकाने ते हवेतलं पाणी काढणारं छोटं डीह्युमिडिफायर आणून दिलं, मिठाईच्या डब्याएवढं, आवाज नाही, निळा दिवा. खोक्यावर दिवसाला अमुक मिली पाणी काढतो असं लिहिलेलं असतं, त्याच्याखाली बारीक अक्षरात ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता. तेवढं वाचलं की विषय संपतो. हे पेल्टिअरवालं यंत्र, एक बाजू गार एक बाजू गरम, आणि पहाटेच्या १४-१५ अंशांत त्याच्या गार बाजूवर पाणी जमायचं म्हणजे नावालाच. मोठी कॉम्प्रेसरवाली येतात ती खरंच पाणी ओढतात, पण त्यांनाही गार हवेत कॉइलवर बर्फ धरायची अडचण असते, आणि मुळात आमच्या शटरखाली चार बोटं फट आहे, म्हणजे मी लाइटबिल भरून कृष्णाकाठची हवा वाळवत बसणार. बंद खोली असेल, दारं-खिडक्या नीट लागत असतील, तर मोठ्या मशीनचा विचार करा. छोट्या डब्याला माझ्याकडनं पाचात अर्धा, तो पण निळ्या दिव्याचा.

सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या, याबद्दल लई गैरसमज आहे. लोक चार पुड्या कव्हरखाली फेकतात आणि निवांत होतात. एक किलो सिलिका जेल फार तर आपल्या वजनाच्या तिसरा हिस्सा पाणी धरेल, म्हणजे तीनशे-साडेतीनशे ग्रॅम, आणि शेडची हवा एकदा बदलली की त्याहून जास्त पाणी आत येतं. पुड्या दोन दिवसांत भरतात आणि मग नुसत्या पडून राहतात. आमच्या डिस्टिलरीत इथेनॉलमधलं शेवटचं पाणी काढायला मॉलिक्युलर सिव्ह असतात, दाण्यांनी भरलेले उंच उंच टॉवर. नुसत्या डिस्टिलेशननं ९५-९६ टक्क्यांच्या पुढं जाता येत नाही, राहिलेलं पाणी ते दाणे धरतात. पण एक टॉवर पाणी धरत असतो तेव्हा दुसऱ्यातलं पाणी काढून टाकायचं काम चालू असतं, आणि सगळं सील. तीच गोष्ट पुडीला लागू आहे, जागा बंद पाहिजे आणि दाणे वेळेवर वाळवले पाहिजेत. म्हणून पुड्या मी फक्त टूलबॉक्समध्ये आणि जिथं हेल्मेट, ग्लोव्हज ठेवलेत त्या झाकणाच्या डब्यात ठेवतो. घेताना केशरी दाणे घ्या, ओले झाले की हिरवे होतात, ११०-१२० अंशाला तापवले की परत केशरी. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते घरच्या ओव्हनमध्ये घालायची वस्तू नाही. आणि कपाटात ठेवायचे ते पाणी जमणारे पांढऱ्या दाण्यांचे डबे येतात ना, ते कॅल्शियम क्लोराइड, खाली जमतं ते साधं पाणी नसतं, खारं पाणी असतं. तो डबा गाडीखाली कलंडला तर जे गंजायला दहा वर्षं लागली असती ते एका हिवाळ्यात होईल.

बल्बचा जुना उपाय पण ऐकला असेल, इंजिनखाली ६० चा पिवळा बल्ब रात्रभर. तत्त्व एकदम बरोबर आहे. कारखान्यात आमच्या मोठ्या मोटारींच्या आत स्पेस हीटर असतात, मोटार बंद झाली की ते चालू होतात, म्हणजे वाइंडिंग (आतली गुंडाळलेली तार) भोवतीच्या हवेपेक्षा दोन-चार अंश गरम राहतं आणि पाणी बसत नाही. पॅनलमध्ये बसवायचा तसला ४० वॅटचा हीटर मी घेऊन पण आलो होतो, दहा तास चालवला तर ०.४ युनिट, म्हणजे खर्च काहीच नाही. पण मोटारीच्या डोक्यावर पेट्रोलची टाकी नसते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली जमिनीलगत साचते, आणि जुन्या बुलेटचा पेट्रोल कॉक कधी पाझरेल याची खात्री कोण देणार? घरात बऱ्याचदा आई एकटी. हीटर कपाटात गेला तो तिथंच आहे.

एवढं सगळं फिरून चाचांकडं गेलो. गेलो ते ताडपत्रीचा तुकडा आणायला, पत्र्याखाली बांधायचा म्हणून. तिथं बोलता बोलता गाडीचं सांगितलं तर चाचा मशीनवरनं मान वर न करता म्हणाले, "दादा, पाणी आत येऊ नये म्हणून कव्हर पाहिजे, का आतलं पाणी बाहेर जावं म्हणून?" मी म्हणलं दुसरं. तर म्हणाले, "मग ताडपत्रीच्या दुकानात कशाला आलायसा," आणि हसले, आणि कापडाचे गठ्ठे काढायला लागले. चाळीस वर्षं मंडप आणि ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या माणसाला ओल कुठनं येते आणि कुठं अडकते हे शिकवायला लागत नाही. हळदीच्या, बेदाण्याच्या गाड्यांवर ताडपत्री कशी टाकायची, खाली हवेला जागा कशी ठेवायची हे त्यांचं रोजचंच.

कापड घेतलं ते बिनकोटिंगचं पॉलिस्टर, घट्ट विणीचं, पण तोंडाला लावून फुंकलं तर हवा पलीकडं जाते. ही फुंकायची परीक्षा चाचांचीच, दुकानात प्रत्येक तुकडा स्वतः फुंकून दाखवला. पत्र्यावरचे चार थेंब पडले तर कापड ते झेलतं, पसरवतं आणि दुपारपर्यंत वाळून जातं, कापसासारखं पिऊन बसत नाही. टाकी आणि हेडलाइटच्या जागी आतनं मऊ होजिअरीचं अस्तर. हँडलच्या खाली दोन्ही बाजूंना आणि मागं सीटच्या उंचीवर मच्छरदाणीच्या जाळीच्या खिडक्या, त्यावर वरनं कापडाची झाप, म्हणजे धूळ सरळ आत जात नाही पण हवा खालनं येऊन वरनं निघते. आणि खालची कड फरशीपासून वीतभर वर. हे मी मागून घेतलं, चाचांना ते पटत नव्हतं, म्हणाले अर्धवट दिसतंय, लोक विचारतील कापड कमी पडलं का. पण जमिनीपर्यंत लोळणारं कव्हर फरशीची ओल पितं आणि चाकांभोवती कोंडून ठेवतं, आणि रिम तर तिथंच असते.

इथं माझं एक मत ठाम आहे आणि यावर भांडायला तयार आहे. गाडी एकतर पूर्ण बंद करा नाहीतर पूर्ण मोकळी ठेवा. पूर्ण बंद म्हणजे खरोखरची सीलबंद पिशवी, आत वाळवलेली सिलिका जेल, आणि गाडी आत घालताना कोरडी दुपार. बाहेर देशात, जिथं रस्त्यावर मीठ टाकतात आणि गाड्या चार-चार महिने बंद ठेवतात, तिथं असल्या पिशव्या आणि पंखा लावून हवा खेळती ठेवणारे फुग्यासारखे तंबू पण मिळतात. आपल्याकडं गंमत म्हणून कुणी मागवला तर वेगळं. मोकळी म्हणजे हे असं, हवा जाणारं कापड आणि खाली जागा. वॉटरप्रूफ कव्हर, खालनं उघडं, आत चार पुड्या, हा जो मधला प्रकार बहुतेक घरांत चालतो त्यानं गाडी जितकी गंजते तितकी ती नुसती उघडी ठेवली तरी गंजत नाही.

हंगाम संपल्यावर मार्चमध्ये कव्हर काढलं. रिमवर नवे ठिपके नाहीत. फिन्सवर पातळ तेलाचा हात मारला होता तो तसाच, त्यावर धूळ चिकटलेली, गंज नाही. पॉलिश कव्हरवर पांढरा थर अगदी थोडा, कापडानं पुसून गेला. ठिणगी पाडणाऱ्या इग्निशनचे पॉइंट काढून बघितले, कोरडे. एकाच ठिकाणी डाग पडलाय तो डाव्या आरशाच्या दांड्याला, आणि तो गुण तिथंच कापला: डाव्या बाजूला शिलाई घट्ट झालीय, कापड दांड्याला ताणून बसतं, जिथं कापड धातूला सतत टेकून राहतं तिथं ओल धरते. दाखवल्यावर चाचांनी तिथल्या तिथं उसवून कळी घालून दिली, पैसे घेतले नाहीत. पण डाग पडायचा तो पडला. दुसरं म्हणजे उशीर. बुधवारी देतो म्हणाले ते कव्हर पुढच्याच्या पुढच्या आठवड्यात मिळालं, लग्नसराई, मंडपाची कामं, फोन केला की "आज रात्री होतंय बघा". ऐन थंडीच्या आधी जाऊ नका, गणपती झाले की लगेच टाकून या. स्पीडोमीटरच्या काचेला आतनं धुकं धरतं ते अजून धरतंय, तिथं रबर म्हातारं झालंय, कव्हर काय करणार.

आता ज्या गोष्टी कुठलंच कव्हर करत नाही त्या थोडक्यात, कारण खाली कुणीतरी विचारणारच. टाकी भरून ठेवा, अगदी झाकणाला लागेपर्यंत नको, बोटभर खाली, पण भरून. अर्धी टाकी म्हणजे अर्ध्या टाकीत हवा, ती रोज रात्री आकसते आणि बाहेरची दमट आत ओढते. त्यात आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं. इथेनॉलला पाण्याची ओढ, पुरेसं पाणी शिरलं की ते पेट्रोलला सोडून पाण्याच्या बाजूनं जातं आणि दोघं मिळून टाकीच्या तळाला बसतात, जिथनं कॉक पेट्रोल घेतो. ते इथेनॉल आम्हीच बनवतो, साडेनव्याण्णव टक्के कोरडं करून पाठवतो, आणि मग माझ्याच टाकीत ते सांगलीची हवा पिऊन परत ओलं होतं, हसावं का रडावं कळत नाही. कॉक बंद करून कार्बोरेटरचा वाडगा रिकामा करा. ऑइल बदलायचं असेल तर गाडी बंद ठेवायच्या आधी बदला, काळं ऑइल इंजिनात घालून महिनोन्महिने ठेवायची वस्तू नाही. बॅटरी काढून घरात, टर्मिनलला व्हॅसलीन. सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा, आणि हँडलला लाल चिंधी बांधा म्हणजे किक मारायच्या आधी तो बोळा आठवेल.

आणि हे जे दर रविवारी दोन मिनिटं गाडी चालू करून ठेवायचं असतं ना, "तेल फिरतंय, बॅटरी चार्ज होतीय" म्हणून, ते बंद करा. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं, वाफ होऊन सायलेन्सरमधनं जातं. गाडी चांगली तापली तर ते बाहेर निघतं. दोन मिनिटांत सायलेन्सर तापत नाही, इंजिन तापत नाही, ते पाणी सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्येच थांबतं. म्हणजे बाहेरनं येणारं पाणी अडवायला कव्हर घालायचं आणि आतनं आपणच ओतायचं. भावाला हे पटवायला बराच वेळ गेला, कारण शेजारच्या मेकॅनिकनं त्याला उलटं सांगितलेलं. चालू करायचीच असेल तर अंकलीपर्यंत जाऊन या, पुलावरनं परत या, गाडी तापू दे, आणि आल्यावर लगेच कव्हर टाकू नका, तास-दोन तास गार होऊ दे.

कव्हरला कापड-शिलाई-अस्तर धरून साडेनऊशे गेले. त्यात ऑनलाइन चांदीवालं कव्हर पण येतं, पण जाळीच्या खिडक्या आणि वीतभर वर कड असलं कुणी तयार विकत नाही. दुकान शुक्रवारी दुपारी बंद असतं, बाकी दिवस सकाळी अकराच्या पुढं. माप घेऊन जाऊ नका, गाडीच घेऊन जावा, आरसे लावलेले असू देत, क्रॅशगार्ड असेल तर तो पण, चाचा गाडीवर कापड टाकून खडूनं आखतात. आणि डाव्या आरशाला सैल ठेवा म्हणून दोनदा सांगा.